गाव कोळसा खाणीत जात असताना पुण्यात राहून आपला हिस्सा कसा जपावा

चंद्रपूर, भद्रावती, राजुरा, वणी या पट्ट्यातून येऊन पिंपरी-चिंचवड किंवा हडपसरला स्थिरावलेल्या अनेकांना, वडिलोपार्जित शेती खुल्या कोळसा खाणीत जाणार असल्याचे भावाच्या फोनवरूनच कळते. अशा खातेदारांनी व वारसांनी काय करावे, याची ही माहिती आहे.

वेकोलिच्या, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या, खाणींसाठी जमीन बहुधा १९५७ च्या कोळसा क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियमाखाली घेतली जाते. कलम ४ ची सूचना पूर्वेक्षणापुरती, म्हणजे जमिनीत कोळसा आहे का हे तपासण्यापुरती, असते, कलम ७ ची संपादनाचा इरादा जाहीर करते आणि कलम ९ ची घोषणा राजपत्रात आली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी शासनाकडे जाते. हरकत कलम ७ च्या सूचनेनंतर ३० दिवसांतच घेता येते. हे दिवस सूचना निघाल्यापासून मोजले जातात, आपल्याला समजल्यापासून नव्हे; म्हणून भारताच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर कोळसा मंत्रालयाच्या सूचना स्वतः पाहाव्यात आणि यादीतील गट क्रमांक आपल्या सातबाऱ्याशी ताडून घ्यावेत.

सर्वांत आधी करायचे काम मात्र वारस नोंदीचे आहे. आजोबांच्याच नावावर राहिलेला सातबारा एरवी खपून जातो, संपादनात तोच मोबदला अडवतो. ई-हक्क प्रणालीवरून तलाठ्याकडे अर्ज पुण्यातूनही करता येतो. मृत्यू दाखला आणि सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडावे आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. बहिणींची नावे गाळू नयेत, कारण त्यांचा हक्क कायद्याने समान आहे आणि गाळलेले नाव पुढे दावा होऊन परत येते. ‘इतर हक्क’ या रकान्यात फेडून झालेल्या सोसायटी कर्जाचा बोजा अजून दिसत असेल, तर बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला देऊन तो कमी करून घ्यावा. सातबाऱ्यावर ‘नामदेव’ आणि आधारवर ‘नामदेवराव’ असला फरकही आताच मिटवावा. जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, म्हणून तिकडे धाव घेण्याचा मोह होतो. पण एका गटाचे काम तालुक्यालाच होते.

संयुक्त मोजणी आणि पंचनाम्याच्या दिवशी घरातील जाणत्या माणसाने शेतावर हजर असलेच पाहिजे. विहीर कच्ची की बांधीव, तिची खोली, मोटार, जमिनीखालची पाइपलाइन, बांधावरचे आंबे व मोह, गोठा हे सारे तेथेच लिहिले जाते, आणि जे लिहिले गेले नाही त्याचा मोबदला मागणे फार कठीण जाते. झाडांचे वय आणि घेर नमूद करायला लावावा, फोटो काढावेत, पंचनाम्याची प्रत मागावी आणि कोऱ्या रकान्यांखाली सही करू नये. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो.

खरे भांडण नोकरीवरून होते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकरांमागे, म्हणजे सुमारे ८१ आरांमागे, एका नोकरीचा विचार होतो आणि लहान खातेदारांना क्षेत्र एकत्र करून आपल्यातील एकाचे नाव सुचवता येते. तिघा भावंडांचे मिळून १ हेक्टर २० आर असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० आर येतात आणि एकट्याने कोणीच पात्र ठरत नाही. एकत्र आल्यास एक नोकरी मिळू शकते. ती कोणाला द्यायची आणि बाकीच्यांना त्याने किती भरपाई द्यायची, हे संमतिपत्रावर सह्या करण्यापूर्वी लेखी ठरवावे. केवळ नोकरीच्या संमतीसाठी कोणी नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागत असेल, तर ते वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नये. त्याने जमिनीच्या मोबदल्यावरील हक्कही जातो.

दर वेळी गावी जाणे शक्य नसल्यास कुलमुखत्यारपत्र द्यावे, पण ते मोजणीला हजर राहणे, अर्ज करणे, प्रती घेणे एवढ्यापुरतेच असावे. रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्यात नसावा. मोबदला स्वतःच्याच बँक खात्यात यावा. २०१५ पासून १९५७ च्या अधिनियमाखालील संपादनालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी लागू आहेत, त्यामुळे हिशेबात १०० टक्के दिलासा रक्कम (मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम) धरली आहे की नाही हे तपासावे. आकडा मान्य नसेल, तर हरकत राखून रक्कम स्वीकारत असल्याचे पावतीवरच लिहावे आणि १९५७ च्याच अधिनियमाच्या कलम १४ खालील न्यायाधिकरणाकडे जाण्याची तयारी ठेवावी.