नवख्या वेटरसाठी: मेनू, टेबल आणि टिप

रेस्टॉरंटमध्ये वेटर म्हणून नव्याने रुजू झालेल्या माणसाला सुरुवातीला दोनच काळज्या असतात: ट्रे हातातून पडू नये आणि टिप मिळावी. मात्र पहिला आठवडा खरा द्यावा लागतो तो मेनूला. प्रत्येक पदार्थात काय काय पडते, तो किती तिखट असतो, किती जणांना पुरतो आणि स्वयंपाकघरातून बाहेर यायला त्याला किती मिनिटे लागतात, हे मेनूकार्ड न उघडता सांगता आले पाहिजे. पाहुण्याने शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, मासे किंवा तीळ यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले, तर ‘त्यात बहुतेक नसावे’ हे उत्तर कधीही देऊ नये. ‘विचारून सांगतो’ असे म्हणून थेट आचाऱ्याकडे जावे आणि ती सूचना ऑर्डरच्या कागदावर ठळक लिहावी, कारण इथे अंदाज चुकला तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

यानंतर टेबलांचे आणि खुर्च्यांचे क्रमांक पाठ करावेत. टेबलांना क्रमांक असतात हे सर्वांना ठाऊक असते. पण एक ठरावीक खुर्ची पहिली मानून पुढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे खुर्च्याही मोजल्या आणि प्रत्येक ऑर्डर त्या क्रमांकासमोर लिहिली, तर ताट दुसऱ्या कोणी नेले तरी ‘हे कोणाचे?’ असे विचारत टेबलाभोवती फिरावे लागत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी अपुऱ्या कामांच्या स्मरणाविषयी 1927 मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. पैसे चुकते होईपर्यंत वेटरांना ऑर्डर नेमकी आठवते आणि नंतर पुसली जाते, या निरीक्षणातून तो विषय सुचला, असे सांगितले जाते. तरीही नवख्याने स्मरणशक्तीचे प्रदर्शन मांडू नये. काही न लिहिता मान डोलावणारा वेटर पाहून पाहुणा प्रभावित होण्याऐवजी धास्तावतो, असे माझे मत आहे.

ऑर्डर लिहून झाल्यावर ती पाहुण्याच्याच शब्दांत वाचून दाखवावी. यामुळे चूक तिथल्या तिथे सुधारते, शिवाय आणखी एक फायदा होतो. रिक व्हान बारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पाहुण्यांचे शब्द जसेच्या तसे उच्चारणाऱ्या वेट्रेसला, तसे न करण्याच्या तुलनेत जास्त टिप मिळाल्याचे आढळले. आपले म्हणणे नीट ऐकले गेले, याची खात्री माणसाला सुखावते.

ट्रेचे तंत्र सरावाचे आहे. जड आणि उंच वस्तू मधोमध, शरीराच्या बाजूला ठेवाव्यात. वस्तू उचलताना एकाच कडेच्या सगळ्या न उचलता आलटून पालटून उचलाव्यात, नाहीतर ट्रे कलंडतो. ग्लास नेहमी खालच्या भागाला धरावा, ताटाच्या आत अंगठा जाऊ देऊ नये आणि हा सराव रिकाम्या वेळी पाण्याने भरलेल्या ग्लासांवर करावा.

सर्वांत अवघड शिकणे असते ते वेळेचे. टेबलावर कोणी येऊन बसले की हात गुंतलेले असले तरी नजर देऊन ‘आलोच’ एवढे तरी सांगावे. आपल्याला पाहिले गेले आहे हे कळले की थांबणे सुसह्य होते. जेवण वाढल्यावर दोन-तीन घास झाले की एकदा विचारपूस करावी, कारण मीठ कमी असल्याची तक्रार अर्धे ताट संपल्यावर कळून उपयोग नसतो. स्वयंपाकघराकडे जाताना आणि तिथून येताना रिकाम्या हाताने चालू नये, म्हणजे फेऱ्या निम्म्यावर येतात. पदार्थाला उशीर होणार असेल तर पाहुण्याने विचारण्याआधी आपण होऊन सांगावे आणि त्याचे खापर आचाऱ्यावर फोडू नये. सर्वांत जास्त चीड येते ती बिलासाठी ताटकळण्याची. दीड तास उत्तम सेवा देऊन शेवटची दहा मिनिटे गायब होणारे वेटर मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता टिपविषयी एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही. टिपवर दीर्घकाळ संशोधन करणारे मायकल लिन यांनी मायकल मॅकॉल यांच्यासह 2000 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा टिपच्या टक्केवारीत पाहुण्यागणिक दिसणाऱ्या फरकापैकी 2 टक्क्यांहूनही कमी वाटा सेवेच्या दर्जाशी जोडता आला. बाकीच्या फरकात पाहुण्याच्या सवयीसारख्या, वेटरच्या हाताबाहेरच्या अनेक गोष्टींचाही वाटा असतो. म्हणून एका टेबलाने काहीच ठेवले नाही तर तो आपल्या कामावरचा निकाल समजू नये. हिशेब महिन्याचा मांडावा. जिथे बिलाच्या प्रमाणात टिप देण्याची पद्धत आहे तिथे बिलाची रक्कमच निर्णायक ठरते, त्यामुळे योग्य क्षणी पेय किंवा गोड पदार्थ सुचवणे आणि जेवण संपलेले टेबल चटकन आवरून पुढच्यांसाठी मोकळे करणे, हे गोड हसण्यापेक्षा अधिक मिळवून देते. सुचवावे मात्र एकदाच. बिलासोबत चॉकलेट दिल्याने टिप वाढते, असे डेव्हिड स्ट्रोमेट्झ आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या अभ्यासात दिसले आहे. पण मालकाची परवानगी असेल तरच तसे करावे, आणि उशिराने वाढलेले थंड जेवण चॉकलेटने भरून निघेल अशी आशा धरू नये.

पाहुण्याने रोख पैसे दिल्यास उरलेली रक्कम पूर्ण आणि सुट्या नोटांत परत आणावी. ‘सुटे आणू का?’ हा प्रश्न टिप मागण्यासारखाच ऐकू येतो, आणि एकच मोठी नोट परत आणली तर द्यायची इच्छा असूनही पाहुण्याला देता येत नाही. टिप टेबलाजवळ मोजू नये.

टिप ज्याची त्याला मिळते की सर्वांची एकत्र करून वाटली जाते, एकत्र होत असल्यास आचारी आणि भांडी घासणारे यांचा वाटा किती, आणि कार्डावर दिलेली टिप हातात केव्हा पडते, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. यात संकोच करण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी सहज वाटणारा हा प्रश्न दोन महिन्यांनी विचारला तर तक्रार वाटतो.