उदोनच्या दुकानात पहिल्यांदा जाण्याआधी

जपानला आल्यावर पहिल्या आठवड्यातच ऑफिसातलं कुणीतरी तुम्हाला दुपारी उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, खायला घेऊन जाईल. ‘गव्हाचं असतं, बिनधास्त खा,’ असं आपलीच जुनी माणसं सांगतील. शेवया गव्हाच्याच असतात हे खरं. पीठ, मीठ, पाणी, एवढंच. घोळ आहे तो रश्श्यात. तुम्ही मासे खात असाल तर तुमचं काही अडणार नाही, पण घरातलं एखादं माणूस खात नसेल तर पुढचं नीट वाचा.

हा रस्सा नितळ असतो. वर तेलाचा तवंग नाही, मसाला नाही, वासही हलका. बघून कुणालाही वाटेल की मीठ-साखर घातलेलं गरम पाणी आहे. त्याचा पाया म्हणजे दाशी. कोम्बू नावाची समुद्रातली वनस्पती भिजवून आणि कात्सुओबुशी उकळून ती काढतात. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा. तो किसून वापरतात. शिकोकू बेटावरच्या कागावात उकडून वाळवलेले बारीक मासे घालतात, त्यांना इरिको म्हणतात. तोक्योकडे सोया सॉस गडद असल्याने रस्सा काळपट दिसतो आणि ओसाकाकडे फिकट. फिकट आहे म्हणून तो शाकाहारी नव्हे. थंड शेवयांबरोबर येणारी बुडवायची वाटी, ‘बुक्काके’वर ओततात तो दाट रस, ‘कित्सुने’वरचा गोडसर तळलेला तोफू, सगळ्यांत हीच दाशी मुरलेली असते.

2014 च्या एप्रिलमध्ये माझी आई आली होती. आई माळकरी, दरवर्षी वारी करणारी. मला तेव्हा इथे चार वर्षं झाली होती, त्यातली पहिली दोन कागावातल्या ताकामात्सुत, म्हणजे उदोनच्याच गावात. आपल्याला सगळं कळतं असं वाटत होतं. तिला दुकानात नेलं, काउंटरवर ‘यात मांस आहे का’ विचारलं. ‘नाही’ म्हणाले. आईला काकेउदोन, म्हणजे गरम रश्श्यातलं साधं उदोन, इतकं आवडलं की तीन आठवड्यांत आम्ही पाच वेळा गेलो. ‘किती सात्त्विक जेवण आहे रे यांचं,’ म्हणायची. निघायच्या आधी तिला त्या रश्श्याची बाटली गावी न्यायची होती. दुकानातून आणलेली बाटली मी ऑफिसातल्या जपानी बाईंना दाखवली. पहिल्या ओळीतच कात्सुओ. संध्याकाळी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘तू विचारलं होतंस ना?’ गळ्यातली माळ काढून तिने देवापाशी ठेवली, उरलेले दिवस मेतकूट-भातावर काढले आणि परत गेल्यावर पंढरपुरात पुन्हा माळ घेतली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. मला मात्र आजही तो प्रश्न आठवला की घास अडतो.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी मांसाचं विचारलं, त्याने मांसाचं सांगितलं. इथली माणसं विचाराल त्याचं तंतोतंत उत्तर देतात, न विचारलेलं आपणहून सांगत नाहीत. त्यात लबाडी नसते, प्रश्न आपलाच चुकलेला असतो. ‘निकु’ म्हणजे मांस, आणि मासा त्यांच्या लेखी मांसात येत नाही. ‘बेजितारिअन’ म्हणून तर काहीच साधत नाही. बऱ्याच जणांना त्याचा अर्थ भाज्या आवडीने खाणारा एवढाच वाटतो. म्हणून पाठ करा: ‘साकाना नो दाशी, हाइत्तेमास का?’ म्हणजे माशाची दाशी आहे का. आणि मग: ‘साकाना नो दाशी मो दामे देस,’ म्हणजे माशाची दाशीसुद्धा चालत नाही. हे मोबाइलमध्ये जपानी लिपीत लिहून ठेवा आणि काउंटरवर दाखवा.

भिंतीवरच्या ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. ही चूक नवीन आलेला प्रत्येक हुशार माणूस करतो. त्या तक्त्यात अंडं, दूध, गहू, सोबा (म्हणजे कुट्टू, त्याच्याही शेवया करतात), शेंगदाणे, कोळंबी, खेकडा असतात, काही ठिकाणी साबा म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासाही असतो, पण कात्सुओचं नावच नसतं. रकाना कोरा दिसला म्हणून मासा नाही असं होत नाही. बाटलीवर वाचायचं असेल तर माशाचं चित्राक्षर ओळखायला शिका: वर छोटा बाक, मधे अधिकच्या चिन्हाने चार भाग केलेला चौकोन, खाली चार ठिपके. कात्सुओ, साबा, इवाशी (तारली) या सगळ्यांच्या अक्षरांत डावीकडे हेच चिन्ह असतं. कात्सुओ साध्या लिपीतही लिहितात, तेव्हा तो शब्द आणि ‘ग्योकाइ’, म्हणजे मासे-शिंपले वगैरे, हे दोन तरी डोळ्यांत बसवून घ्या.

मग शाकाहारी माणसाने खायचं काय? नुसत्या उकडलेल्या शेवया आणि साधा सोया सॉस. त्याला ‘किजोयु उदोन’ म्हणतात, पण तिथेही बाटली दाशी मिसळलेल्या सोयाची असू शकते, तेव्हा परत विचारा. वर कांद्याची पात आणि किसलेलं आलं घ्या. चव साधी, पण पोट भरतं आणि मन शांत राहतं. साखळी दुकानं तुमच्यासाठी वेगळं काही करून देणार नाहीत. ‘देकिमासेन’, म्हणजे जमणार नाही, म्हणाले की आभार मानून निघा, मागे रांग असते.

तळणाच्या फळीवर भोपळा, रताळं, वांगं मांडलेलं दिसेल. पिठात बहुतेक ठिकाणी अंडं असतं आणि कढई कोळंबीचीच. अंडं आणि कढई चालत असेल तर भोपळा घ्या, फार सुरेख लागतो. कांदा-गाजराच्या जाळीदार भजीला काकिआगे म्हणतात, तिच्यात बारीक कोळंबी लपलेली असू शकते. आणि चिकुवा! पांढरी, मधे पोकळ असलेली नळी, वर हिरवे ठिपके. दरवर्षी कुणीतरी ती बटाट्याची किंवा पनीरची समजून उचलतं. ती माशाच्या लगद्याची असते.

मांसाहारी मंडळींनाही एक सांगतो. ‘निकु उदोन’मधलं मांस ओसाका-कोबेकडे गाईचंच समजा, तिकडे नुसतं निकु म्हटलं की गोमांस. तोक्योकडे डुकराचं असू शकतं. ‘करी उदोन’ हे नाव वाचून आपली माणसं धावतात. त्यातही बहुधा मांस आणि दाशी असते, आणि शेवया ओढताना शर्टावर पिवळे डाग पडतात. कागदी एप्रन देतात, तो बांधा. सोब्याची ॲलर्जी असेल तर जपून, बऱ्याच दुकानांत सोबा आणि उदोन एकाच पाण्यात उकडतात.

रांगेची पद्धत सोपी आहे. ट्रे घ्या, शेवयांचा प्रकार सांगा, ‘नामी’ म्हणजे नेहमीचा आणि ‘दाई’ म्हणजे मोठा. तळण उचला, पैसे द्या, पात-आलं-तिखट घ्या, बसा. स्टेशनातल्या उभ्याने खायच्या दुकानात आधी यंत्रातून तिकीट काढायचं असतं, आणि त्यावर सोबा की उदोन लिहिलेलं नसेल तर तिकीट देताना ‘उदोन दे’ म्हणायचं. टीप द्यायची नाही. ट्रे स्वतः परत नेऊन ठेवायचा आणि ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं.

शेवया दाताखाली चिवट लागल्या तर कच्च्या राहिल्या म्हणून परत करू नका. त्या ताणाला ‘कोशी’ म्हणतात आणि सानुकी (कागावाचं जुनं नाव) उदोनची सगळी प्रतिष्ठा त्यावर आहे. त्यासाठी पीठ कापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवायची जुनी रीत आहे. हे ऐकून नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ भेटतात. मला त्यांचा राग येतो. हाताने इतकं घट्ट पीठ मळून बघा म्हणजे कळेल. मऊच आवडत असेल तर फुकुओकाकडचं उदोन खा. वरणफळं खाऊन वाढलेल्यांना ते लगेच जवळचं वाटेल.

आवाज करत खायला लाजू नका. आपण कढीचा भुरका मारतोच की. शेवया चावून तुकडे करत बसलात तर त्या गार होतील आणि फुगतील. जेवायच्या काट्या मात्र अन्नात उभ्या खोचू नका आणि काटीने काटीला घास देऊ नका, दोन्ही गोष्टी अंत्यविधीच्या आहेत.

तोक्योतल्या निशी-कासाईत दोन प्रकारची मराठी माणसं भेटतील. काही जण दहा वर्षं राहूनही भारतीय हॉटेलाच्या पुढे गेलेले नाहीत. काही म्हणतील, ‘विचारायचंच नाही, खाऊन टाकायचं.’ या दुसऱ्या प्रकारच्यांचं ऐकायचं की नाही हे स्वतःपुरतं ठरवा, पण आई-वडिलांच्या आणि सासू-सासऱ्यांच्या बाबतीत ऐकू नका. त्यांचं व्रत आपण मोडायचं नाही. आणि दुपारी बारा ते एक आठ-आठ जणांनी टेबल अडवून गप्पा मारत बसू नका. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तेवढाच एक तास सुट्टी असते.

घरी करायचं तर सुपरमार्केटातली गोठवलेली उदोन घ्या. पाकिटावर गहू, मीठ, स्टार्च एवढंच असतं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू आणि तीन-चार सुकी शीताके अळिंबं रात्रभर भिजवा, उकळी फुटायच्या आत कोम्बू काढा, सोया आणि चिमूटभर साखर घाला. आई पुढच्या खेपेला आली तेव्हा हेच केलं, आणि पाकीट तिच्यासमोर फोडलं.

मासे खाणाऱ्यांनी मात्र एकदा कागावाला जाऊन या. ओकायामाहून ताकामात्सुला रेल्वेने तासभर लागतो, समुद्रावरच्या पुलावरून गाडी जाते. काही दुकानांत शेवया स्वतःच जाळीत धरून गरम करायच्या आणि नळ सोडून दाशी घ्यायची. तिथे ‘हिया-आत्सु’ मागा, म्हणजे थंड शेवया आणि गरम रस्सा. अकराच्या आत पोचा. बरीच दुकानं शेवया संपल्या की दुपारी दोनच्या आधीच फळ्या लावतात.