शांघायची यूयुआन बाग: बाजारातून वाट काढत आत कसं जायचं, आत काय बघायचं

शांघायच्या जुन्या शहरातली यूयुआन बाग बघायला जाणारे बरेच जण ती न बघताच परततात. मेट्रोतून बाहेर पडलं की वळणदार छपरांची दुकानं, मग तळं, त्यावरचा नागमोडी पूल, मधोमध चहाघर. तिथे फोटो काढले की बाग झाली असं वाटतं. तो सगळा बाजार. पुण्यात तुळशीबागेत खरेदी करून राममंदिर न बघताच घरी यावं, तसं हे. खरी बाग पांढऱ्या भिंतीच्या आत आहे, तिला तिकीट लागतं आणि तिचं दार तळ्याच्या उत्तरेला, पूल संपतो तिथेच आहे.

आधी तयारी. बाग सहसा सोमवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी 9 ला उघडते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास बंद होते. तिकीटविक्री त्याआधीच थांबते. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या हंगामात तिकीट 40 युआन, एरवी 30. दर आणि वेळा बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी बघून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा. 1 ते 7 ऑक्टोबरची सुट्टी, मे महिन्याचे पहिले दिवस आणि चिनी नववर्षाचा दिव्यांचा उत्सव टाळता आला तर टाळा. उत्सवात दिवे सुंदर असतात, पण गर्दीमुळे बाग दिसत नाही.

पैशांचं काम भारतात असतानाच उरकून घ्या. आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही. फोनवर अलीपे हे पैसे देण्याचं चिनी अॅप घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि परदेशी व्यवहार सुरू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेचा ओटीपी येणारं सिमकार्ड फोनमध्ये चालू हवं, नाहीतर ऐन खिडकीपाशी गाडी अडते. 200 युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर 3 टक्के आकार लागतो. तिकीट आणि चहापाणी त्याच्या आतच बसतं. गूगल मॅप्सवर विसंबू नका: चीनमध्ये ते सहज उघडत नाही, आणि उघडलं तरी तुमची जागा भलतीकडे दाखवू शकतं.

मेट्रो 10 किंवा 14 क्रमांकाची, स्टेशनचं नावही यूयुआन. तिथून पायी पाचेक मिनिटं. नऊ वाजता दारात असाल तर सगळ्यात उत्तम. वाटेत कुणी गोड इंग्रजीत 'चला, चहा पिऊ, फोटो काढू' म्हणालं तर हसून पुढे चला. शांघायच्या पर्यटनस्थळी हा जुना धंदा आहे आणि बिल हजारांत येतं.

आता बाग. मिंग राजवटीच्या काळातला अधिकारी पान युनत्वान याने 1559 मध्ये आपल्या वडिलांसाठी ती सुरू केली, 1577 च्या सुमारास ती उभी राहिली. बागेच्या खर्चाने घराणं खचलं. पुढे 1760 मध्ये शहरातल्या धनिकांनी ती विकत घेऊन सावरली. क्षेत्र जेमतेम 2 हेक्टर, म्हणजे पाच एकर. सरळ चाललात तर अर्ध्या तासात बाहेर पडाल आणि 'एवढंच?' म्हणाल. इथे रचनाच अशी की एका जागेवरून पूर्ण बाग दिसू नये. भिंत आडवी येते, दार गोल असतं, वाट मुद्दाम वळते. म्हणून प्रत्येक दाराशी आधी थांबा, चौकटीतून काय दिसतं ते बघा, मग उंबरा ओलांडा. (उंबरे खरोखर उंच आहेत. फोनमध्ये बघत चालणारे तिथेच अडखळतात.) दोन तास हाताशी ठेवा.

पहिल्या सभागृहामागे तळ्यापलीकडे मोठा कृत्रिम डोंगर आहे. जांग नान्यांग या कारागिराने तो वूकांगच्या पिवळसर दगडांचा रचला. उंची सुमारे 12 मीटर. वर चढायची वाट दर वेळी खुली असतेच असं नाही, पण हळहळू नका, कारण तो समोरच्या यांगशान सभागृहातून बसून बघण्यासाठीच केलेला आहे. माथ्यावरच्या छोट्या मंडपातून एके काळी ह्वांगपू नदीतल्या बोटी दिसत.

पुढे मधोमध भिंत असलेली दुहेरी वाट येते. त्या भिंतीतल्या नक्षीदार खिडक्यांतून पलीकडे डोकवा: पाऊल बदललं की चित्र बदलतं. जवळच चारशे वर्षांचा गिंको वृक्ष आहे, नोव्हेंबरच्या अखेरीपासून पिवळा होतो. नंतरच्या द्यानछुन सभागृहात 1853 मध्ये 'छोट्या तलवारी' संघटनेच्या बंडखोरांचं ठाणं होतं.

भिंतींवरून सरपटणारे ड्रॅगन सगळेच टिपतात. तुम्ही त्यांच्या नख्या मोजा. पाच नख्यांचा ड्रॅगन बादशहाचा, म्हणून इथे कमी नख्या ठेवल्या असं सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र यू लिंगलोंग या शिळेला द्या. उंची सव्वातीन मीटरच्या आसपास, दगड ताय सरोवराच्या परिसरातला चुनखडी. अशा शिळेची पारख चार गुणांवर होते: ती सडपातळ हवी, पृष्ठभागावर सुरकुत्या हव्यात, वरून खाली पाणी झिरपेल अशी पोकळी हवी आणि आरपार दिसेल अशी भोकं हवीत. इथे ती 72 असल्याचं सांगतात. खाली उदबत्ती लावली तर धूर प्रत्येक भोकातून निघतो, वरून पाणी ओतलं तर प्रत्येकातून वाहतं, अशी तिची ख्याती. समोरून एक फोटो काढून निघणाऱ्यांना ती नुसता ओबडधोबड दगड वाटते. बाजूला सरका, गुडघ्यात वाका, मागच्या भिंतीचा पांढरा रंग भोकांतून कुठे उजळतो ते बघा. मग समोरच्या यूह्वा सभागृहापाशी या: पान युनत्वानची अभ्यासिका शिळेच्या बरोबर समोर का होती, ते तिथून कळतं.

भोंगे घेतलेले गट लाटांसारखे येतात. त्यांच्या पुढे पळायची धडपड करू नका, बाकावर बसा. पाच-सात मिनिटांत अंगण रिकामं होतं. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथे संततधार असते. तेव्हा दगडी वाटा निसरड्या होतात, चांगल्या तळव्याचे बूट घाला. टिश्यू पेपर स्वतःचा ठेवा, शौचालयात मिळेलच असं नाही.

शेवटी 1709 ची आतली बाग आणि तिथला नाट्यमंच. बाहेर जायचं दार याच बाजूला आहे आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, तेव्हा काही राहिलं असेल तर आधी मागे फिरा.

खाण्याबद्दल एकच: बाजारातल्या प्रसिद्ध सूपभरल्या, वाफवलेल्या डंपलिंग्जमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं, आणि खेकड्याच्या म्हणून मिळतात त्यांतही बऱ्याचदा ते असतंच. शाकाहारी असाल तर 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे) म्हणा आणि पालेभाजी-मशरूम भरलेले पाव मागा. ते 'सू-त्साय-बाव' या नावाने मिळतात. शंका आली तर भाषांतराच्या अॅपमध्ये 'मांस, मासे, चरबी नको' असं लिहून दाखवा. नुसतं 'मांस नको' म्हटल्यावर चरबीत परतलेली भाजी येऊ शकते.