सामूहिक वनहक्काचा दावा अबंध निधीतून कसा उभा करावा: सातपुड्यातील ग्रामसभांसाठी

अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके, तसेच नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात येतात. येथील ग्रामसभेला वनहक्क कायदा, २००६ नुसार गावाच्या पारंपरिक हद्दीतील जंगलावर सामूहिक दावा करता येतो, आणि त्यासाठी लागणारा खर्च लोकवर्गणीतूनच करावा लागतो असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०१५ च्या निर्णयानुसार आदिवासी विकासासाठी ठरवलेल्या नियतव्ययातील ५ टक्के रक्कम पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना अबंध, म्हणजे एकाच योजनेला बांधून न दिलेला, निधी म्हणून मिळते. तिच्या खर्चासाठी ठरवून दिलेल्या चार बाबींपैकी एक वनहक्क व पेसा कायद्यांची अंमलबजावणी ही आहे. हद्दीची मोजणी, नकाशे, जुन्या नोंदींच्या नकला, प्रांत कार्यालयात जाण्या-येण्याचा खर्च हे सारे त्या बाबीत बसते. तरीही अनेक ठिकाणी आराखड्यात पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपच दिसतात, कारण त्यांचे अंदाजपत्रक आयते मिळते आणि दाव्याचे कोणी करून देत नाही.

म्हणून पहिले काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) गेल्या काही वर्षांच्या अबंध निधीचा बाबनिहाय जमाखर्च मागून घेणे हे होय. निधी ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. तेथून प्रत्येक पेसा गावाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो. आपल्या गावाचा वाटा किती, शिल्लक किती, हे आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत आणि त्यानंतरच पुढच्या वर्षाच्या आराखड्यात दाव्याचा खर्च धरावा. ठराव मोघम नसावा. ‘वनहक्कासाठी तरतूद करण्यात येत आहे’ एवढेच लिहिले तर ती रक्कम वर्षअखेर दुसरीकडे वळते. त्याऐवजी ‘गावाच्या शिवेची जीपीएस मोजणी, नकाशाच्या तीन प्रती व भूमी अभिलेख कार्यालयातील नकलांसाठी अमुक रुपये, खर्चाची जबाबदारी वनहक्क समितीकडे’ असे नेमके शब्द इतिवृत्तात असावेत. (वनहक्क समिती म्हणजे दाव्यांच्या कामासाठी ग्रामसभेने निवडलेली समिती.)

गणपूर्तीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दाव्यावर ठराव करायचा असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत. दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गेलेला असतो, तेव्हा ही संख्या भरत नाही. त्यामुळे सभा दिवाळीपूर्वी घ्यावी, किंवा भोंगऱ्या बाजार आणि होळीसाठी माणसे घरी परततात त्या दिवसांत घ्यावी. सह्या व अंगठे नंतर घरोघर फिरून जमवू नयेत. पुढे कोणी हरकत घेतली तर पहिला घाव तेथेच बसतो.

शिवेची पाहणी हा दाव्याचा गाभा आहे आणि त्यात घाई करू नये. वनविभागाला लेखी सूचना देऊन पोच घ्यावी, शेजारच्या गावांच्या समित्यांना बोलवावे, आणि गावातील म्हाताऱ्या माणसांना पुढे चालू द्यावे. ते जेथे थांबतील तेथे बिंदू घ्यावा: वाघदेवाचा दगड, दोन नाल्यांचा संगम, दोन गावांनी मिळून राखलेला मोह. नोंदीत जीपीएसचे आकडे, त्या जागेचे लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि सांगणाऱ्याचे नाव ही तिन्ही लिहावीत. चराईची जागा, डिंक, चारोळी व मोहफुले वेचण्याचे पट्टे, मासेमारीचे डोह, स्मशान यांचीही अशीच नोंद करावी. नाकेदार (वनरक्षक) आला नाही म्हणून पाहणी थांबवू नये. सूचनेची पोच फाइलला लावावी.

सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे पारंपरिक हद्दीतील जंगलाचा, दावा नमुना ‘क’ मध्ये भरावा आणि एकाहून अधिक पुरावे जोडावेत. वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या आणि एकसाली पट्ट्यांचे (एका वर्षासाठी कसायला दिलेल्या वनजमिनीचे) कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते जपून ठेवावेत, कारण वैयक्तिक दाव्यात ते फार उपयोगी पडतात. सामूहिक दाव्यात वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब महत्त्वाचे असतात. उपग्रहचित्रात काही दिसत नाही असे कार्यालयात सांगितले गेले, तर नियमांनुसार असे चित्र पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, हे लेखी उत्तरात नमूद करावे.

दावा प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे देताना प्रत्येक पानावर क्रमांक घालून पोच घ्यावी. तो फेटाळला गेल्यास कारणांसह लेखी आदेश मागावा, कारण जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्यास ६० दिवसांचीच मुदत असते. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्धही महाराष्ट्रात २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येते.

हक्क मिळाल्यावर हिशेबाचे काम वाढते. तेंदू व बांबूच्या विक्रीची रक्कम ग्रामसभेच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी, अबंध निधीत मिसळू नये. शासकीय लेखापरीक्षण अबंध निधीचे होते, तर वनोपजाचा हिशेब ग्रामसभेने स्वतः तपासायचा असतो. वनोपज बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या व्यवस्थापन समितीकडे असल्याने परवाना पुस्तकाचे अनुक्रमांक आणि बँकेतील जमा दर महिन्याला ताडून पाहावी, आणि तफावत निघाल्यास पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्यावा.