पुठ्ठ्याच्या नळीवर सैनिकी संकेतयंत्र

सोलापुरी चादरीसाठी जेकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेची) कार्डं पंच करण्यात माझी तीस वर्षं गेली. एका कार्डाची जागा चुकली की मोराची मान मोडते. अमेरिकी लष्कराचं एम-९४ हे संकेतयंत्र बघितलं तेव्हा म्हणूनच ते लगेच उमजलं. १९२२ साली आलेल्या या यंत्रात एका दांड्यावर, कडेला अक्षरं असलेल्या २५ ॲल्युमिनियमच्या चकत्या असत. चकत्यांचा क्रम हीच किल्ली.

घरी सहा कड्यांचं करा. साडेसतरा सेंमी घेराची पुठ्ठ्याची नळी घ्या. कागदाच्या १९ सेंमी लांब पट्ट्या कापा, प्रत्येकीवर अर्ध्या सेंमीची ३६ घरं आखा. क ते ज्ञ ही व्यंजनं प्रत्येक पट्टीवर वेगळी विस्कटून लिहा, आणि उरलेल्या एका सेंमीवर डिंक लावून कडं चिकटवा. कडं नळीला चिकटता कामा नये, सैल फिरलं पाहिजे. कड्यांना क्रमांक द्या. मित्रासाठी हुबेहूब दुसरा संच लागेल.

कड्यांचा क्रम ठरवा, समजा २-५-१-६-३-४, आणि त्याच क्रमाने कडी नळीवर चढवा. ‘रसद पाठव’ पाठवायचंय? काना-मात्रा सोडून र, स, द, प, ठ, व एका ओळीत जुळवा आणि दुसरी कुठलीही ओळ उतरवून द्या. मित्र त्याच क्रमाने कडी लावून ती ओळ जुळवतो आणि नळी फिरवतो. अर्थ लागेल ती ओळ खरी.

एक उणीव मात्र राहते: संकेतात कुठल्याच अक्षराच्या जागी तेच अक्षर येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या एनिग्मा या जर्मन संकेतयंत्रातही हेच होतं, आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रातल्या संकेत फोडणाऱ्या लोकांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.