अमेरिकन गुलामगिरीतली नावं आणि टर्म्स लक्षात कशा ठेवायच्या

ए टू झेड यादी घेऊन घोकत बसू नका, काही राहत नाही डोक्यात. कागदावर मधोमध एक रेघ मारा, तिच्यावर १८६५, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपली ते वर्ष, लिहा आणि प्रत्येक नाव अलीकडचं की पलीकडचं एवढंच आधी ठरवा.

अलीकडे ॲबोलिशनिस्ट, म्हणजे गुलामगिरी बंदच करा म्हणणारे. गॅरिसनने १८३१ ला पेपर काढला, फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये स्वतः पळून आला आणि भाषणं गाजवली, जॉन ब्राउनने १८५९ ला हार्पर्स फेरी या गावात थेट सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि फासावर गेला. हॅरिएट टबमन अंडरग्राउंड रेलरोडसोबतच लिहा, म्हणजे गुलामांना पळून जायला मदत करणारं गुप्त जाळं, त्यात रूळबिळ काही नव्हते, लपायचं घर म्हणजे स्टेशन आणि वाट दाखवणारा तो कंडक्टर. शेजारीच १८५० चा फ्युजिटिव्ह स्लेव्ह ॲक्ट टाका, कारण त्यामुळे पळून गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत पोचलेल्यालाही पकडून मालकाकडे पाठवता यायचं, म्हणून मग टबमन लोकांना पार कॅनडात न्यायला लागली.

रेघेजवळ सगळेच गडबडतात. लिंकनची १ जानेवारी १८६३ ची घोषणा गुलामांना मुक्त करणारी असली तरी फक्त देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या बंडखोर भागांसाठी होती, न फुटलेल्या केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी चालूच राहिली, ती संपवली डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. जूनटीन्थ म्हणजे १९ जून १८६५, टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये सुटकेचा हुकूम वाचला गेला तो दिवस.

पलीकडची बाजू लोक उरकून टाकतात आणि खरी मेख तिथेच आहे. तेराव्या दुरुस्तीत एक फट होती, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. तिथून बाण काढा ब्लॅक कोड्सकडे, दक्षिणेतल्या राज्यांनी सुटलेल्या काळ्या लोकांवर लादलेले कायदे, म्हणजे काम नाही, रिकामा फिरतोस, चल आत, आणि पुढचा बाण कन्व्हिक्ट लीजिंगकडे, म्हणजे तोच कैदी खाणीत नाहीतर मळ्यावर भाड्याने. शेअरक्रॉपिंग वेगळ्या चौकटीत ठेवा: जमीन मालकाची, कसणारं कूळ, त्याला बी-बियाणं आणि किराणा उधारीवर, हंगाम संपला की कापूस विकून हिशोब, आणि तो हिशोब लिहिणार मालकच, त्यामुळे बऱ्याचदा कुळाच्या हातात पैसे सोडा, उलट बाकीच निघायची.

रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवायचा काळ, १८७७ ला संपलं, मग जिम क्रो कायदे, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे, १८९६ चा प्लेसी खटला त्यांना कोर्टाचा शिक्का देणारा आणि १९५४ चा ब्राउन खटला शाळांपुरता तो पुसणारा. या ब्राउनचा जॉन ब्राउनशी काही संबंध नाही, दोघांना वेगवेगळ्या रंगाने लिहा म्हणजे झालं.