थंडीत सायकल चालवताना पाय गारठतात? या चुका टाळा

पाय गार पडले की बहुतेक जण आधी आणखी एक मोजा चढवतात. पुष्कळदा त्यानेच पाय जास्त गारठतात. मोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. पावलापर्यंत ऊब पोचते ती रक्तातून. सायकलवर मांड्या आणि पोटऱ्या राबतात, पाऊल मात्र पेडलवर जवळजवळ गप्प बसलेलं असतं, आणि समोरून वारा. हवा ५ अंश सेल्सियस असताना ताशी २५ किलोमीटर वेगाने गेलात, तर उघड्या त्वचेला ती शून्याच्या आसपास असल्यासारखी लागते.

घट्ट बुटात जाड मोजे

ही सगळ्यात मोठी चूक. उन्हाळ्यात पातळ मोज्यावर मापात बसणारा बूट जाड मोज्यावर रक्तवाहिन्या दाबतो. शिवाय मोज्याच्या विणीतली हवा पिळून निघते, आणि थंडी अडवायचं खरं काम ती हवाच करत असते. तपासणी सोपी आहे: बूट घालून, पट्टे लावून बोटं वर-खाली हलवून पाहा. हलत नसतील तर एक मोजा काढा. थंडीसाठी वेगळा बूट घेणार असाल, तर ज्या मोज्यांवर वापरणार तेच घालून माप घ्या. अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. पट्टे नेहमीपेक्षा सैल ठेवा, विशेषतः पुढचा. एकावर एक दोन मोजे घालायचेच असतील तर आतला पातळ आणि बाहेरचा थोडा मोठ्या मापाचा असावा.

गारवा नेमका कुठून येतोय, हे न पाहणं

निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच फक्त बोटांची टोकं गार पडत असतील, तर वारा आत शिरतोय. रोड सायकलचे बूट हवा खेळावी म्हणूनच जाळीचे केलेले असतात. पुढची जाळी आणि तळव्याची भोकं चिकटपट्टीने बंद करा, बुटावरून निओप्रीनचं (रबरासारख्या, वारा अडवणाऱ्या कापडाचं) शू-कव्हर घाला. हवा कोरडी आणि थंडी बेताची असेल, तर फक्त बोटं झाकणारं टो-कव्हरही पुरतं.

चवड्याखाली, बरोबर क्लीटच्या (बूट पेडलमध्ये अडकवण्यासाठी तळव्याला बसवलेल्या तुकड्याच्या) जागी गार लागत असेल, तर दोष तळव्याचा. क्लीटचे स्क्रू आणि धातूची पट्टी उष्णता ओढून घेतात. इनसोल काढा, क्लीटच्या भोकांवर आतून टेप लावा, वर फेल्टचा किंवा लोकरीचा इनसोल टाका. त्याने बूट घट्ट झाला, तर मोजा पातळ करा. साध्या पेडलवर चालवणाऱ्यांना हा त्रास कमी. त्यांना जाड तळव्याचा उबदार बूट आणि धातूऐवजी प्लॅस्टिकचं पेडल घेता येतं. कडाक्याच्या थंडीत क्लीटचा हट्ट सोडणं हा कमीपणा नाही.

तासाभराने मात्र अख्खं पाऊल गार पडत असेल, तर घामाकडे पाहा. सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. लोकरीचा मोजा दमट झाला तरी बरीच ऊब राखतो.

प्लॅस्टिकची पिशवी, पण चुकीच्या जागी

मोज्यावर पिशवी घातली की वारा अडतो, पण घाम मोज्यात जिरतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीला चालेल. त्याहून लांब जायचं असेल, तर आत पातळ मोजा, त्यावर पिशवी आणि बाहेर जाड मोजा असा क्रम ठेवा. आतला मोजा ओला होईल, पण ऊब धरणारा बाहेरचा कोरडा राहील.

फक्त पावलांचाच विचार

धड गार पडलं की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. छाती, गुडघे आणि घोटे उघडे ठेवून महागडे मोजे घेणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून शेकोटी पेटवणं. घोट्यापाशी त्वचेलगतच रक्तवाहिन्या असतात, म्हणून तिथे पॅन्ट आणि मोजा यांत फट नको. पावसात पॅन्टची कड शू-कव्हरच्या बाहेरून घ्या. आत खोचली तर पाणी ओघळून थेट बुटात जातं. पुढच्या मडगार्डला खालपर्यंत येणारा फ्लॅप लावा, चाकाने उडवलेलं पाणी बुटांवरच येतं.

हीट पॅक बूट घातल्यावर उघडणं

ऊब देणाऱ्या या छोट्या पुड्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात. उघडल्या उघडल्या बंद बुटात कोंबल्या की नीट तापत नाहीत. निघण्याआधी काही मिनिटं बाहेर काढून ठेवा, पायासाठी बनवलेल्याच घ्या आणि मोज्याच्या बाहेरून, बोटांच्या वर लावा. उघड्या त्वचेला लावू नका, भाजतं. बूट रात्रभर घरातच ठेवा. गार बुटात पाय घातला की आधी बूट तापवण्यातच ऊब खर्ची पडते.

बधिर झाल्यावरही रेटत राहणं

उतरा आणि दोन-तीन मिनिटं सायकल ढकलत चाला. पाऊल वाकलं की रक्त फिरतं. घरी पोचल्यावर बधिर पाय हीटरला लावू नका. भाजलेलं कळत नाही. त्वचा पांढरी, मेणासारखी आणि संवेदनाहीन झाली असेल, तर तो हिमदंश असू शकतो. चोळू नका, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. थोड्याशा थंडीतही बोटं वारंवार पांढरी पडत असतील, तर प्रश्न बुटांचा नसेलही. तेही डॉक्टरांना दाखवा.

फेरीनंतर इनसोल बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हीटरजवळ वाळवलेल्या बुटाचा चिकटवलेला तळवा सुटू शकतो.